निवडलेले चाळीस दगड

१४ मे २०२४, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या पुढल्या खोलीत, कूलरच्या ओल्या झोतापासून हातभर दूर सरकवलेल्या लॅपटॉपवर गणिताच्या सतराव्या फेरीतही तोच आकडा आला: १.०८. मला हवा होता २.३१.

दोन्ही आकडे टक्क्यांचे आहेत. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा दीर्घ मारा खाल्लेला दगड आकारमानाने किती फुगला, एवढेच ते सांगतात. प्रत्यक्ष मोजमापात दगड २.३१ टक्के फुगला होता. माझे मॉडेल मात्र तो १.०८ टक्केच फुगायला हवा असे म्हणत होते, आणि जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत त्याने आपले म्हणणे बदलले नव्हते.

अणुभट्टीभोवती काँक्रीटची जाड भिंत असते. तिचे काम अडवण्याचे. म्हणून मारही तीच खाते. काँक्रीट दिसायला एकजीव असले तरी आत गिट्टी असते, वाळू असते आणि त्यांना धरून ठेवणारा सिमेंटचा लगदा असतो. किरणोत्साराच्या उष्णतेने हा लगदा वाळतो आणि आकसतो. गिट्टी मात्र फुगते. एकाच भिंतीत एक घटक आत ओढतो आणि दुसरा बाहेर रेटतो, तेव्हा दोघांच्या सांध्यात बारीक तडे जातात. किती तडे जातील, किती वर्षांनी, आणि भिंतीचा जोर तेव्हा किती उरलेला असेल, हे आधीच सांगता यावे यासाठी मॉडेल.

गिट्टी किती फुगेल हे तिच्यातल्या खनिजांवर ठरते. सर्वांत जास्त फुगते ती गारगोटी. तिच्यातले अणू अतिशय शिस्तीत, घट्ट मांडलेले असतात; न्यूट्रॉनने एकदा जागेवरून उडवले की ते जुन्या जागी परतत नाहीत, कसेही बसतात आणि जास्त जागा घेतात. हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात दाबून, पट्ट्यांनी आवळलेली कापसाची गाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी एवढेच सांगते की पट्ट्या तुटल्यावर तोच कापूस किती जागा मागतो ते आठवा. आमच्याकडच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, गारगोटी जवळजवळ नसते. माझ्या संशोधनाचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा होता.

जगभरातले बहुतेक अभ्यास गारगोटीने भरलेल्या दगडांवर झालेले आहेत. आपला काळा दगड कमी फुगेल आणि म्हणून संरक्षक भिंतीसाठी जास्त चांगला ठरेल, असे मी माझ्या संशोधन संस्थेत मांडले तेव्हा विषय लगेच मंजूर झाला नव्हता. मी तो भांडून मिळवला होता. संस्थेच्या समितीने अटही लेखी घातली होती: मॉडेलचा आकडा मोजलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत आला तर शिष्यवृत्ती आणखी दोन वर्षे, नाहीतर विषय बंद, आणि मी कुणा दुसऱ्याच्या प्रकल्पावर. समितीची बैठक २८ मे रोजी होती. अहवाल आदल्या दिवशी द्यायचा होता.

वसतिगृहाची डागडुजी सुरू असल्यामुळे मी उन्हाळ्यापुरती घरी आले होते. काम संस्थेच्या मोठ्या संगणकावर चाले. मी घरून फक्त सूचना पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. एका फेरीला साडेपाच तास लागत. दुपारी वीज गेली की जोडणी तुटे, कूलर बंद पडे, आणि आई कधी माझ्याकडे तर कधी लॅपटॉपकडे पाहत पदराने वारा घेत बसे. शेजारच्या काकूंना माझे काम समजावून सांगण्याची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली होती. दगड फुगतो का हे ही पाहते, असे ती सांगे. आणि काकू विचारत, मग फुगला का.

त्या चार महिन्यांत मी काय काय बदलून पाहिले नाही. दगडाचे अधिक बारीक तुकडे पाडून गणित केले. तापमान पाच अंशांनी वर नेले, खाली आणले. न्यूट्रॉनांच्या ऊर्जेची विभागणी पुन्हा मांडली. खनिजांच्या कणांमध्ये पडणाऱ्या सूक्ष्म भेगा वेगळ्या धरल्या. त्याने आकडा १.०८ वरून १.१३ झाला आणि मी दोन तास आनंदात होते, तोवर तीच भेग दोनदा मोजल्याचे माझ्या लक्षात आले. प्रत्येक बदलाची नोंद मी निळ्या वहीत करत असे: तारीख, वेळ, काय बदलले, काय आले. वहीची चौदा पाने भरली होती. एकाही पानावर मी दगडाबद्दल शंका लिहिलेली नव्हती, कारण दगड बाबांनी आणले होते.

बाबा बांधकाम खात्यात बत्तीस वर्षे मिस्त्री होते. जिल्ह्यातला कोणता पूल कोणत्या खदानीच्या गिट्टीवर उभा आहे हे ते तोंडपाठ सांगतात. समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या रस्त्याला असलेली खदान त्यांनीच मला सुचवली होती. २०२२ च्या डिसेंबरात मी संस्थेच्या तंत्रज्ञाबरोबर तिथे गेले होते. गाडीला परतायची घाई होती. तंत्रज्ञाने क्रशरखालच्या ढिगातून फावड्याने एक पोते भरले आणि ते घेऊन तो गेला. त्या पोत्यातल्या दगडांतून कोरून काढलेल्या बारीक कांड्या पुढे अणुभट्टीत गेल्या. खनिजे मोजण्यासाठी, म्हणजे दगडाचे काचेइतके पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, आणखी चाळीस दगड लागणार होते. ते मी बाबांना आणायला सांगितले. पंधरा दिवसांनी त्यांनी ते पिशवीत घालून माझ्या हाती दिले तेव्हा प्रत्येक दगड धुतलेला होता आणि प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने, त्यांच्या सरकारी वळणाच्या अक्षरात, एक ते चाळीस आकडे घातलेले होते. संस्थेत त्या दगडांचे कौतुक झाले होते.

१८ मे रोजी मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या की अहवालात एक सुधारणा गुणक घाल. २.३१ भागिले १.०८ म्हणजे २.१४, मॉडेलच्या प्रत्येक उत्तराला २.१४ ने गुण आणि लिही की स्थानिक दगडाच्या वैशिष्ट्यामुळे हा गुणक आवश्यक ठरतो. सगळेच असे करतात, कुणी विचारणार नाही, कारण आपल्या दगडाची माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही.

मी वाद घातला. गुणकाला कारण हवे, असे म्हणाले. त्या म्हणाल्या की मग कारण सांग. माझ्याकडे ते नव्हते. फोन ठेवल्यावर तासाभराने मी अहवालाच्या अकराव्या पानावर २.१४ लिहिले. आलेख लगेच सुंदर दिसू लागला. मॉडेलची रेघ मोजलेल्या ठिपक्यांवरून अलगद गेली. मी तो आलेख बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा उघडला नाही. उत्तर हाताशी असल्यावर गणित त्याच्याकडे वळवणे किती सोपे असते याची चीड मला इतरांच्या शोधनिबंधांबाबत नेहमी येई. आता ती माझ्या स्वतःच्या पानावर होती.

२३ मे, गुरुवार, बुद्धपौर्णिमा. बाबा सकाळी विहारात गेले होते. अकराच्या सुमारास पांढऱ्या शर्टात, खिरीचा डबा घेऊन ते परतले तेव्हा मी अहवालाची रंगीत प्रत टेबलावर पसरून पाने लावत होते. चष्मा कपाळावरून खाली ओढत त्यांनी शेवटच्या परिशिष्टातले एक पान उचलले. त्यावर पोत्यातल्या दगडांची, कांड्या काढण्याआधीची छायाचित्रे होती.

"हे गोटे कोणं देले तुले?"

मी सांगितले की तुमच्याच खदानीचे आहेत.

"खदान माही असंन. गोटे माहे नाई." त्यांनी छायाचित्रावर बोट ठेवले. "हे पाह्य, किती पांढरं हाय याच्यात. असा गोटा आपण हातात नाई घेत बेटा. हा फेकाचा गोटा हाय."

मी पान घेतले आणि पाहिले. काळ्या दगडांवर तांदळाएवढे, कुठे वाटाण्याएवढे पांढरे ठिपके होते. ही छायाचित्रे माझ्याकडे दीड वर्ष होती. मी ती अनेकदा उघडली होती, प्रत्येक वेळी शेजारी ठेवलेल्या मोजपट्टीवरचे आकडे वाचण्यासाठी. ठिपके मला छपाईचे किंवा धुळीचे वाटले असावेत. खरे सांगायचे तर ते मला काहीच वाटले नव्हते.

लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहतात, आणि पुढे लाखो वर्षांत त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरतात. गिरडच्या टेकडीवर वेचायला मिळणारे गोल दगड, ज्यांना लोक अवलियाच्या शापाने दगड झालेले व्यापाऱ्याचे नारळ म्हणतात, ते याच प्रकारचे. मी लहानपणी तिथल्या दर्ग्यावर जाताना खिसे भरून ते आणलेले आहेत. त्यातले काही ठिसूळ असतात आणि काही टणक. टणक असतात ते गारगोटीचे.

मी बाबांना विचारले की माझ्या चाळीस दगडांत असे किती होते.

"एकही नोतं," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होते. "तीन चकरा मारल्या मी. एक एक गोटा हातोडीनं वाजवून पाह्यला. ज्याचा आवाज बद्द, तो फेकला. ज्याच्यात पांढरं, तो फेकला."

"काऊन पण, बाबा?"

"काऊन म्हणजे? साहेबानं तपासाले गिट्टी मांगतली का आपण चांगली तेच देतो. बत्तीस वर्षांत माही एक पेटी वापस नाई आली. आनं हे तं माह्या पोरीचं काम होतं. तिथं मी खराब माल पाठवीन?"

मी तेव्हा जे बोलले ते इथे सगळे लिहिण्यासारखे नाही. चार महिने, सतरा फेऱ्या, चौदा पाने, असे मी एकेक मोजून त्यांच्यापुढे ठेवले. ज्या दगडाने भट्टीत मार खाल्ला तो एक, आणि ज्याची खनिजे मी मॉडेलला सांगितली तो दुसराच, असे झाले होते. पोत्यात ढीग होता आणि पिशवीत निवड. "मले जसे हायेत तसे पाह्यजे होते," मी म्हणाले. "तं तसं सांगाचं होतं," ते म्हणाले, आणि खिरीचा डबा स्वयंपाकघरात ठेवून शर्ट बदलायला आत गेले.

माझ्या रागाला त्याहून चांगले उत्तर नव्हते. मी सांगितले नव्हते. नमुना कसा घ्यावा यावर माझ्याकडे पूर्ण एक प्रकरण आहे. ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा चार करा, हाताने काहीही निवडू नका. ते मी परीक्षेत लिहिले होते. बाबांना सांगताना मात्र फक्त संख्या सांगितली, कारण दगडाबद्दल बाबांना काही सांगायचे असते हेच माझ्या मनात आले नव्हते. आणि सरकारी कामावर तपासणीची गिट्टी नेहमी निवडून जाते हे या घरात वाढलेल्या मला ठाऊक असायला हवे होते. आमच्या पडवीत अशा पेट्या मी शाळेत असल्यापासून पाहिल्या आहेत. त्यातली गिट्टी मी धुऊनही दिली आहे.

शुक्रवारी पहाटे पाचला आम्ही बाबांच्या गाडीवर निघालो. हिंगणघाटमार्गे त्याच खदानीवर, या वेळी जसे आहेत तसे दगड आणायला. खदानीवर क्रशर सुरू व्हायचा होता आणि तिथला हिशेब ठेवणारा मुनशी दात घासत उभा होता. बाबांना पाहून त्याने ब्रश काढला आणि ढिगाकडे हात केला, की साहेब, घ्या निवडून. मी ढिगाचे चार भाग करायला घेतले. बाबा फावडे मारत होते, पण मधूनच त्यांचा हात एखाद्या पांढऱ्या ठिपक्याच्या दगडाकडे आपोआप जाई, तो बाजूला टाकण्यासाठी. मी पाहिले की हात थांबे. तिसऱ्यांदा तसे झाल्यावर त्यांनी फावडे माझ्याकडे दिले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

मुनशीला हे सगळे गमतीचे वाटत होते. "लोकं चांगला माल निवडून नेते साहेब. तुमची पोरगी खराब माल मोजून नेऊन राह्यली."

"खराब नाई म्हणाचं," बाबा म्हणाले. "जसा हाय तसा म्हणाचं."

साठ दगड झाले. पातळ काप करून घ्यायला वेळ नव्हता. त्यासाठी ते दगड संस्थेत न्यावे लागले असते. बोरगाव मेघेत ग्रॅनाइटच्या ओट्यांचे काम करणारा एक कारागीर आहे. त्याने शनिवारी आपल्या पाण्याच्या करवतीवर साठही दगड मधोमध कापून दिले आणि एकदाच विचारले की याचं काय करता. मी खरे सांगितले. त्याने मान हलवली आणि पुढचा दगड घेतला.

रविवारी आम्ही मोजायला बसलो. आलेखाच्या रेघा छापलेला पारदर्शक कागद प्रत्येक कापावर ठेवायचा आणि शंभर छेदबिंदूंखाली काय आहे ते पाहायचे. साठ दगड, सहा हजार बिंदू. बाबा भिंगातून पाहून सांगत आणि मी खुणा करत असे: काळा, काळा, काळा, पांढरा, काळा. पांढरा आला की ते चाकूचे टोक फिरवून पाहत. ओरखडा उठला तर ठिसूळ, न उठला तर गारगोटी. अकराव्या दगडावर ते सलग काळा म्हणत गेले. मी वाकून पाहिले आणि म्हणाले की बाबा, हा पांढरा आहे. त्यांनी भिंग पुसले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "हो. पांढरा हाय." त्यानंतर त्यांनी एकदाही चूक केली नाही. आईने दोनदा जेवायला बोलावले. तिसऱ्यांदा तिने ताटे तिथेच, दगडांच्या बाजूला आणून ठेवली आणि फुगले का ते न विचारता गेली.

सहा हजारांत ४१२ बिंदू पांढरे निघाले. त्यातले ३३१ गारगोटीचे. साडेपाच टक्के. एवढीशी गारगोटी, पण ती बाकीच्या दगडाच्या कितीतरी पट फुगणारी. मॉडेलला ती सांगितली, २.१४ हा गुणक खोडला आणि फेरी सुरू केली. वीज गेली नाही. सोमवारी सकाळी उत्तर आले: १.९४.

मी पहिल्यांदा हिशेब केला तो दहा टक्क्यांच्या अटीचा. १.९४ म्हणजे मोजलेल्या आकड्यापेक्षा सोळा टक्क्यांनी कमी. अट पूर्ण होत नव्हती. कारण सापडले होते, चूक सापडली होती, साठ दगड कापून झाले होते, आणि तरीही मी सहा टक्क्यांनी बाहेर होते. त्या क्षणी मला आलेला संताप मागच्या चार महिन्यांतल्या कोणत्याही संतापापेक्षा मोठा होता, कारण आता दोष द्यायला कुणीच नव्हते. पोत्यातल्या दगडांत गारगोटी माझ्या साठांपेक्षा जास्त असेल, किंवा पोकळ्यांच्या कडांना तडे लवकर जात असतील, किंवा दोन्ही. हे एका दुपारी ठरण्यासारखे नव्हते.

मॅडमना फोन केला. मी सर्व सांगितले, बाबांचे दगडसुद्धा. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "गुणकाने तू आत होतीस. आता तू बाहेर आहेस. विचार करून पाठव."

माझ्यासमोर अहवालाच्या दोन प्रती होत्या. एकीत रेघ ठिपक्यांवरून जात होती. दुसरीत ती ठिपक्यांच्या खाली राहत होती, पण प्रत्येक पायरीला कारण होते. पहिली प्रत पाठवली असती तर दोन वर्षे मिळाली असती आणि त्या दोन वर्षांत मला तो २.१४ रोज खरा ठरवत बसावे लागले असते. मी दुसरी पाठवली, आणि सोबत नमुना निवडीतील चूक या शीर्षकाचे एक पान जोडले. त्यात बाबांचा उल्लेख केला नाही. नमुना घेण्याच्या सूचना मी अपुऱ्या दिल्या, असे लिहिले.

बैठकीला मी घरून, लॅपटॉपवरून हजर राहिले. समितीने दोन वर्षे दिली नाहीत. सहा महिने दिले. एका सदस्याने विचारले की तुमच्या मूळ प्रस्तावात काळ्या दगडात गारगोटी जवळजवळ नसते असे वाक्य आहे, त्याचे काय. मी म्हणाले की ते वाक्य काढून टाकावे लागेल. दुसऱ्याने हसून म्हटले की म्हणजे तुमचा दगड तुम्ही समजत होता तितका चांगला नाही. मी होय म्हणाले. हे उत्तर द्यायला मला आवडले नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारले तेव्हा मी सहा महिने एवढेच सांगितले. ते पडवीत गेले आणि कोपऱ्यातली ती जुनी, चाळीस दगडांची रिकामी पिशवी घेऊन आले. आता किती आणायचे, आणि ढिगाचे चार भाग करून झाल्यावर कोणते दोन ठेवायचे, हे त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. दुसऱ्यांदा मी ते कागदावर लिहून दिले.

निळ्या वहीच्या पंधराव्या पानावर शेवटची नोंद आहे. २८ मे २०२४, मंगळवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मोजलेले २.३१. मॉडेलचे १.९४. गुणक नाही. उरलेला फरक ०.३७.